निवृत्तीनंतर कुमाऊं-हिमाचलातल्या छोट्या गावी राहायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दोघं उत्तराखंडातल्या कुमाऊंत, अल्मोडा जिल्ह्यात राहतो, म्हणून निवृत्तीचा विचार करणारे मुंबई-पुण्याकडचे ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे आम्हाला फोन करत असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, तेव्हा उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझं मत आधीच सांगते. बर्फाची शिखरं कुठून दिसतात यावर गाव ठरवू नका. इस्पितळ किती तासांवर आहे आणि ऑगस्टमध्ये रस्ता किती वेळा बंद होतो, यावर ठरवा. शिखरं या पट्ट्यात बऱ्याच गावांतून दिसतात. वेळेवर मिळणारा डॉक्टर फार थोड्या गावांत आहे.

इतक्या गावांतून आपलं गाव निवडायचं कसं?

उंचीपासून सुरुवात करा. ओळखीची मापं घेऊ. महाबळेश्वर साधारण साडेतेराशे मीटरवर आहे, कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर. हिमाचलातलं पालमपूर महाबळेश्वरपेक्षाही खाली, १२०० मीटरच्या आसपास. सोलन दीड हजाराच्या घरात. अल्मोड्याचा बाजार जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतका उंच. रानीखेत आणि कौसानी १८०० ते १९०० मीटर, मुक्तेश्वर २२०० च्या वर. पण उंची सारखी म्हणून हवा सारखी असं धरू नका. ही गावं आपल्यापेक्षा कितीतरी उत्तरेला आहेत, त्यामुळे महाबळेश्वरचा डिसेंबर काढलाय म्हणून अल्मोड्याचा जानेवारी निघेल असं नाही.

साठी ओलांडलेल्यांसाठी माझा कल १२०० ते १७०० मीटरच्या पट्ट्याकडे आहे. इथे उन्हाळा सुखाचा जातो, बर्फ क्वचितच पडतो आणि बाजार बारा महिने उघडा असतो. त्याच्या वर गेलात की देखावा वाढतो आणि सोयी कमी होतात. हिवाळ्यात अर्धं गाव खाली मुलांकडे निघून जातं, दुकानं दुपारीच मिटतात. अगदी खाली हल्द्वानी आणि देहरादून ही रीतसर शहरं आहेत. तिथे उन्हाळा तापतो, गर्दी आहे, पण मोठी इस्पितळं आहेत. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांनी देहरादूनला राहून चार दिवस वर जाऊन येणं यात कमीपणा काहीच नाही.

गावागावांबद्दल थोडक्यात: सोलनहून चंदीगडचं पीजीआय हे मोठं सरकारी इस्पितळ दोनेक तासांत गाठता येतं, ही त्या गावाची सर्वांत मोठी जमेची बाजू. पालमपुराला चहाचे मळे, समोर उभी धौलाधारची डोंगररांग, कृषी विद्यापीठामुळे सुशिक्षित वस्ती, आणि कांगड्याजवळ टांड्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. चालायला सपाट रस्तेही इथे इतर गावांपेक्षा जास्त. अल्मोडा हे जुनं, जिवंत गाव आहे. बाजारात फरसबंदी, माणसं बोलकी, पण चढउतार भरपूर. पिथौरागढचं खोरं मला स्वतःला सगळ्यांत देखणं वाटतं, तरीही वयस्करांना मी ते सुचवत नाही, कारण टनकपूर किंवा काठगोदाम ही पायथ्याची रेल्वे स्थानकं गाठायलाच अर्धा दिवस सहज जातो. कौसानीला गांधीजी १९२९ मध्ये राहिले होते आणि अनासक्ती आश्रम आजही आहे. पंधरा दिवस राहायला याहून चांगली जागा नाही. कायमचं राहायला मात्र गाव फारच लहान आहे.

हिवाळा झेपेल का?

घर उन्हात असेल तर झेपतो. डोंगरातली थंडी तापमानाच्या आकड्यावर कमी आणि उन्हाच्या तासांवर जास्त अवलंबून असते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरच्या घराला जानेवारीतही सकाळपासून चारपर्यंत ऊन मिळतं. समोरच्या उत्तर उतारावरच्या घराला तेच ऊन दुपारी तास-दोन तास, कधी तेवढंही नाही. म्हणून घर बघायचं तर जानेवारीत, सकाळी नऊच्या सुमारास बघा. मे महिन्यात सगळीच घरं छान वाटतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. रात्री थंड हवा खाली उतरून खोऱ्यात साठते, त्यामुळे नदीकाठचं घर कड्यावरच्या घरापेक्षा खाली असूनही जास्त गारठतं आणि सकाळी धुक्यात बुडालेलं असतं.

रात्री पारा शून्याच्या जवळ जातो, आणि घरं तापवण्याची सोय फारशी कुणाकडे नसते. म्हणजे खरी थंडी घरात असते, बाहेर नव्हे. इलेक्ट्रिक ब्लँकेट, तेलाचा हीटर, चिमणी असलेली बुखारी (लाकडावरची बंद शेगडी) ही साधनं चांगली आहेत. कोळशाची उघडी शेगडी, जिला इथे सगड म्हणतात, ती मात्र झोपायच्या खोलीत कधीही ठेवू नका. दारंखिडक्या लावून सगड पेटती ठेवली की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. दर हिवाळ्यात डोंगरातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून अशी बातमी येते. पहाडी माणसं सगड बाहेर ठेवून निखारे फुलवतात, पाय शेकतात आणि झोपण्याआधी बाहेर नेऊन विझवतात. हा नियम जशाचा तसा पाळा.

दिवस मात्र सुंदर असतात. अकरा ते तीन सगळा मोहल्ला गच्चीवर असतो. कुणी स्वेटर विणतंय, कुणी मुळा किसतंय. मोठी पहाडी लिंबं सोलून त्यांच्या फोडी दही, मुळा, गूळ आणि भाजलेल्या भांगेच्या बियांच्या वाटणात कालवतात. त्याला निंबू सान म्हणतात (या बियांनी नशा येत नाही, घाबरू नका). ते खात उन्हाला पाठ करून बसणं हा इथल्या हिवाळ्याचा सगळ्यात मोठा आनंद आहे. आंघोळ त्या आधी, ऊन चढल्यावर. पहाटे पाचच्या आंघोळीचा नेम असेल तर तो मोडावा लागेल.

आणि पावसाळा?

माझ्या मते हिवाळ्यापेक्षा पावसाळ्याचा विचार जास्त गंभीरपणे करायला हवा. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत डोंगर अस्थिर असतो. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात बियासला पूर आला, सिमल्यात शिवमंदिरावर दरड कोसळली, आणि परवाणू-सोलन महामार्ग चक्की मोडजवळ खचून बंद पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यातलं धराली गाव गाळाच्या लोंढ्याखाली गेलं. या बातम्या मराठी वाहिन्यांवर दोन दिवस दिसतात, इथे त्यांचे परिणाम वर्षानुवर्षं चालतात. आमच्याकडे हल्द्वानी-अल्मोडा रस्त्यावर क्वारबजवळ डोंगराची एक बाजूच सुटलेली आहे. पाऊस लागला की वाहनं खैरना-रानीखेतमार्गे वळवतात आणि तीन तासांचा प्रवास कितीही लांबतो.

यावर उपाय एकच, पावसाळ्यात प्रवासाची गरजच पडू नये असं नियोजन. रोजच्या औषधांचा महिनाभराचा साठा जूनअखेरच घरात हवा. खाली जायचंच असेल तर भल्या सकाळी निघा आणि विमान किंवा गाडी त्याच दिवसाची ठेवू नका, मध्ये एक मुक्काम असू द्या. ठरलेली शस्त्रक्रिया, दातांची कामं, नातवाची मुंज, सगळं ऑक्टोबरनंतर.

पावसाचं प्रमाण मात्र गावागणिक फार बदलतं. धरमशाला-पालमपूर पट्ट्यात धौलाधारला ढग अडतात, त्यामुळे पाऊस कोकणाच्या तोडीचा. रत्नागिरी-चिपळूणकडच्यांना त्याचं काही वाटणार नाही, सोलापूरकरांना मात्र भिंतींची ओल सोसणार नाही. अल्मोड्यात त्या मानानं पाऊस कितीतरी कमी.

आजारी पडलो तर काय?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. मी तो पहिला विचारायला सांगते.

सर्दी-ताप, रक्तदाब, साखर, हाड मोडणं यासाठी जिल्ह्याच्या गावी सोय आहे. अल्मोड्यात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, श्रीनगर-गढवालला आहे, टांड्याला आहे. हिमाचलात बिलासपूरचं एम्स ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं, उत्तराखंडात ऋषिकेशचं एम्स त्याआधीपासून आहे, कुमाऊंत हल्द्वानीचं सुशीला तिवारी रुग्णालय सगळ्यांचा आधार आहे. पण इमारत असणं आणि त्या रात्री त्या विषयाचा डॉक्टर हजर असणं यात फरक पडतो. डोंगरात तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाहीत, ही इथल्या माणसांची जुनी आणि खरी तक्रार आहे.

म्हणून गाव ठरवण्याआधी तिथल्या इस्पितळात जाऊन दोनच गोष्टी विचारा. हृदयविकाराचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन इथे देता का? आणि सीटी स्कॅन रात्री चालू असतो का? कारण असं आहे: झटका आल्यावर अँजिओप्लास्टी शक्यतो दोन तासांच्या आत व्हावी लागते, आणि डोंगरातल्या बहुतेक गावांहून तेवढ्या वेळात मोठं इस्पितळ गाठता येत नाही. अशा वेळी जवळच्या ठिकाणी ते इंजेक्शन घेऊन मग खाली जाणं हाच जीव वाचवणारा मार्ग असतो. पक्षाघातातही गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. या दोन प्रश्नांना ‘हो’ असं ठाम उत्तर मिळालं तर ते गाव यादीत ठेवा. उत्तर गुळमुळीत आलं तर देखावा कितीही सुरेख असो, पुढे चला.

ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना डायलिसिस सुरू आहे किंवा कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांनी वर कायमचं राहायला येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विरळ हवेचा त्रास साधारणपणे २५०० मीटरच्या वर सुरू होतो, त्यामुळे या गावांत निरोगी माणसाला काही होत नाही. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांना गावाची उंची सांगून विचारा.

सत्तरी पार केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत (घरातल्या सत्तरीपार सगळ्यांना मिळून) वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि ते देशभरातल्या यादीतल्या इस्पितळांत चालतं. ते कार्ड महाराष्ट्रातूनच काढून घेऊन या. माजी सैनिकांची इथे चांगली सोय आहे. कुमाऊं, गढवाल, कांगडा हे घरटी एक फौजी असलेले प्रदेश, त्यामुळे ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने डोंगरातही आहेत.

आमच्या नावावर सातबारा आहे. मग हिमाचलात शेतजमीन घेता येईल ना?

नाही. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दलालही त्याचा फायदा घेतात. हिमाचलच्या १९७२ च्या कुळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ प्रमाणे जो हिमाचलातला शेतकरी नाही त्याला राज्य सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. तुमचा जुन्नरचा किंवा गुहागरचा सातबारा तिथे धरला जात नाही. पिढ्यान्पिढ्या सिमल्यात राहणाऱ्या पण शेती नसलेल्या माणसालाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे हा परप्रांतीयांवरचा राग आहे असं मनात आणू नका. घर बांधण्यासाठी ५०० चौरस मीटरपर्यंत परवानगी मागता येते, तिला वेळ लागतो, आणि मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत बांधकाम करावं लागतं.

‘स्थानिक माणसाच्या नावावर घेऊ, मुखत्यारपत्र करून ठेवू’ असं कुणी सुचवलं तर तिथून उठा. असा व्यवहार उघडकीला आला तर जमीन सरकारजमा होते आणि पैसे बुडतात.

उत्तराखंडात तरी सोपं आहे का?

होतं, आता तितकं नाही. बाहेरच्यांना २००३ मध्ये ५०० चौरस मीटरची मर्यादा आली, २००७ मध्ये ती २५० वर आली. २०२५ च्या दुरुस्तीनं हरिद्वार आणि उधमसिंह नगर सोडून बाकी अकरा जिल्ह्यांत शेती आणि बागायतीची जमीन बाहेरच्यांना विकणं बंद केलं. पालिकेच्या हद्दीबाहेर राहत्या घरासाठी एका कुटुंबाला एकदाच २५० चौरस मीटर घेता येते आणि त्यासाठी शपथपत्र द्यावं लागतं. इथे जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे तुमच्या वाट्याला सव्वा नाली. सफरचंदाची बाग आणि मध्ये टुमदार घर हे चित्र डोक्यातून काढा. पालिका हद्दीत ही मर्यादा लागू नाही, आणि वयस्करांनी तसंही पालिका हद्दीतच राहावं.

मला हा कायदा योग्य वाटतो. उत्तराखंडातली गावंच्या गावं रिकामी झाली, ती का झाली हे शोधायला २०१७ मध्ये पलायन आयोग नेमावा लागला, आणि त्याच वेळी रस्त्याकडेची चांगली जमीन दिल्लीकरांच्या हॉटेलांखाली जात होती. इथली माणसं आपल्या जमिनीची काळजी करतात ती योग्यच आहे. आपण त्यांच्याकडे राहायला येतोय, याचं भान ठेवून यावं.

कागद तपासताना: आपल्या सातबाऱ्याच्या जागी इथे खतौनी आहे आणि फेरफाराच्या जागी दाखिल-खारिज. ‘गोल खाता’ हा शब्द कानावर आला तर सावध व्हा. त्याचा अर्थ जमीन वाटण्या न झालेली, सामाईक आहे. विकणाऱ्याचे चुलत भाऊ दिल्लीत, पुतणे लखनौत, आणि प्रत्येकाची सही हवी. छावणी भागातले जुने बंगले बघायला फार मोहक असतात, पण तिथली जमीन बहुधा संरक्षण खात्याची असते. विकणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या वकिलाकडून कागद बघून घ्या.

मग विकत घ्यावं की भाड्यानं राहावं?

भाड्यानं. निदान पहिलं वर्ष तरी नक्की, आणि माझ्या मते कायमच भाड्यानं राहिलात तरी बिघडत नाही. चारही ऋतू एकाच घरात काढल्याशिवाय ते घर कळत नाही. जिल्ह्याच्या गावी निवृत्त शिक्षक, फौजी यांची दुमजली घरं असतात. ते खाली राहतात, वरचा मजला भाड्यानं देतात. असं घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. घरमालक शेजारीच असल्यानं रात्री-अपरात्री हाक मारायला माणूस असतो, आणि गावात तुमची ओळख त्यांच्यामार्फत होते.

पुण्याचं किंवा ठाण्याचं घर विकून येऊ नका. ते भाड्यानं द्या, त्यातून इथलं भाडं सुटून वर उरेल. परतीची वाट उघडी राहते आणि मनावर ताण राहत नाही.

घर बघताना नेमकं काय बघायचं?

आधी वरचा डोंगर बघा, मग घर. घराच्या मागे ताजा कापलेला उभा उतार असेल तर नको. मातीचा बांध धरून ठेवणाऱ्या भिंतीला उत्तराखंडात पुश्ता म्हणतात, हिमाचलात डंगा. ती भिंत फुगलेली आहे का, तिच्यातून पाणी निघायला भोकं आहेत का, हे निरखून बघा. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात किंवा त्याच्या तोंडाशी बांधलेलं घर कितीही स्वस्त असो, घेऊ नका. त्या ओढ्याला (इथे त्याला गधेरा म्हणतात) पाणी कधी येतं हे शेजारच्या सत्तरीच्या आजींना विचारा, दलालाला नाही. जुनी वस्ती कुठे आहे ते बघा. जुन्या लोकांनी गाव वसवताना पाणी, ऊन आणि पक्की जमीन तिन्ही बघितलं होतं.

भूकंपाचं काय, असं विचारतात. सगळा हिमालय देशातल्या सर्वांत धोक्याच्या भूकंपपट्ट्यांत येतो. १९०५ च्या कांगडा भूकंपात वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि १९९१ चा उत्तरकाशीचा आणि १९९९ चा चमोलीचा भूकंप लोकांच्या अजून स्मरणात आहे. लाकडाच्या तुळया आणि दगड यांचे थर एकावर एक रचून बांधलेली हिमाचलची काठ-कुणी घरं अशा धक्क्यांत तग धरून राहिलेली आहेत. उतारावर बारीक खांबांवर उभी केलेली नवी चारमजली इमारत मला जास्त घाबरवते. एक-दोन मजल्यांचं, जमिनीला धरून बसलेलं घर बघा.

आणि मोटारीचा रस्ता. घर रस्त्यापासून किती पायऱ्या वर किंवा खाली आहे ते स्वतः मोजा, मग डोळ्यांसमोर आणा की तुम्हाला खुर्चीत बसवून चार माणसं त्या पायऱ्यांवरून नेताहेत. गॅसचा सिलिंडर, पाण्याचा कॅन, वाळूची पोती सगळं त्याच वाटेनं पाठीवर किंवा खेचरावर जातं आणि त्याचे पैसे वेगळे. गुडघे दुखत असतील तर रस्त्यालगतचं घर, यावर तडजोड नको.

पाण्याची अडचण असते का? इतक्या नद्या आहेत की.

नद्या खोल दरीत, माणसं वर कड्यावर. अल्मोड्याला कोसीचं पाणी पंपानं वर चढवावं लागतं, सिमल्यात २०१८ च्या उन्हाळ्यात टँकरसाठी रांगा लागल्या होत्या. पूर्वी गावाची तहान झऱ्यांवर भागायची. कुमाऊंत झऱ्यावर दगडी घुमटीवजा बांधकाम करतात, त्याला नौला म्हणतात. काही नौले शेकडो वर्षांचे आहेत. आता बरेच आटले आहेत किंवा कचऱ्यानं भरलेत. घर घेताना मे महिन्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते विचारा, टाकी मोठी बसवा, छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची सोय करा.

बिबट्या, माकडं?

दोन्ही आहेत. जुन्नर-आंबेगावकडच्यांना बिबट्याशी कसं राहायचं ते सांगायला नको. अंधार पडल्यावर एकट्यानं झाडीतून जायचं नाही, अंगणात दिवा ठेवायचा. स्थानिक लोक ‘बाघ आया’ म्हणतात तेव्हाही तो बहुतेक वेळा बिबट्याच असतो. माकडांमुळे परसबागेचा उत्साह टिकत नाही. हळद, आलं, मिरची एवढंच त्यांच्या तडाख्यातून वाचतं.

वणव्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि ते विचारायला हवं. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत चिडाच्या (पाइनच्या) जंगलांत आगी लागतात. वाळलेल्या सूचिपर्णांचा थर, ज्याला पिरूल म्हणतात, तो पेटला की डोंगरच्या डोंगर जळतो. जून २०२४ मध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवताना वनखात्याची माणसं गेली. त्या दिवसांत धुरानं शिखरं आठवडाभर दिसत नाहीत आणि दम्याच्या माणसाला घराबाहेर पडवत नाही. ‘शुद्ध हवेसाठी’ येणाऱ्यांनी एप्रिल-मे एकदा इथे काढून बघावा.

पर्यटकांचा त्रास होतो का?

मे-जूनमध्ये आणि लांब सुट्ट्यांना होतो. भवालीजवळच्या कैंची धामला नीम करोली बाबांच्या दर्शनासाठी एवढी गर्दी लोटते की हल्द्वानी-अल्मोडा रस्ता तासन्‌तास अडतो, आणि १५ जूनच्या वार्षिक मेळ्याला तर त्या बाजूला फिरकूच नये. त्या रस्त्यावर रुग्णवाहिकाही अडकतात. गाव निवडताना इस्पितळाच्या वाटेवर असं गर्दीचं ठिकाण पडतं का, हे बघायला हवं. मसुरी, नैनिताल, मनाली ही गावं याच कारणासाठी मी यादीतच धरत नाही.

लोक आपल्याला सामावून घेतील का? भाषेची अडचण?

हिंदी सगळ्यांना येते, तुमची मुंबईची हिंदी थोडी सुधारावी लागेल एवढंच. ‘तू’ फारसं चालत नाही. वयानं मोठ्या पुरुषाला दाज्यू, आजीला आमा म्हणा, दारं उघडतात. कुमाऊंत पंत आणि जोशी ही आडनावं पावलोपावली भेटतात. इथल्या पंत घराण्यांत आपले पूर्वज कोकणातून आले अशी परंपरा सांगतात, गोविंद बल्लभ पंतांचं घराणं त्यांतलंच. त्यामुळे महाराष्ट्रातून आलोय म्हटलं की गप्पा सुरू व्हायला वेळ लागत नाही.

सणांनाही जवळीक वाटते. कर्क संक्रांतीच्या आधी टोपलीत धान्य पेरून त्याचे अंकुर हरेला या सणाला डोक्यावर ठेवतात. आपल्या घटातल्या धान्याचीच आठवण येते. आमच्या शेजारच्या आमांनी पहिल्या वर्षी ते अंकुर माझ्या केसांत खोवले आणि आशीर्वादाचा मंत्र म्हटला, तेव्हापासून मी त्यांच्या घरची झाले. मकर संक्रांतीला मुलं गोड कणकेच्या घुघुत्यांची माळ गळ्यात घालून कावळ्यांना हाका मारतात. या सगळ्यात बोलावलं की जा. मदतीला, लग्नाला, मयताला जा. बंगल्याला कुंपण घालून आत बसणाऱ्यांना इथे कुणी त्रास देत नाही, पण अडीअडचणीला कुणी येतही नाही.

एकटं वाटेल का?

वाटेल. पहिल्या हिवाळ्यात हमखास. संध्याकाळी पाचला अंधार, नाटक नाही, गाण्याची मैफल नाही, मराठी बोलायला आपलंच माणूस. जोडीपैकी एकाला मनापासून यायचंय आणि दुसरा केवळ सोबत म्हणून आलाय, असं असेल तर येऊ नका. अशी घरं मी बघितली आहेत. आलेला माणूस आजारी पडत नाही पण कोमेजतो.

आणि बोलायला अवघड असलं तरी एक गोष्ट येण्याआधी दोघांनी बोलून घ्या: आपल्यापैकी एक आधी गेल्यावर दुसऱ्यानं कुठे राहायचं? मुलगा पुण्यात किंवा परदेशात असेल तर त्याला इथे पोचायला दीड-दोन दिवस लागू शकतात, पावसाळ्यात जास्त. अंत्यविधी इथेच करायचा का, कुणाला कळवायचं, पैसे आणि कागद कुठे आहेत, हे लिहून घरमालकाकडे आणि मुलांकडे एकेक प्रत ठेवा. आम्ही ठेवली आहे आणि ती ठेवल्यापासून मन हलकं आहे.

खाण्यापिण्याचं?

कोकणातल्यांना घरच्यासारखं वाटेल. गहत म्हणजे आपले कुळीथ, मडुआ म्हणजे नाचणी, दोन्ही रोजच्या जेवणात. भाज्या हंगामात ताज्या आणि स्वस्त. ओला नारळ आणि समुद्राची मासळी विसरा.

इंटरनेट, बँक, वीज?

गावात फायबर मिळतं, बँका आहेत, हयातीचा दाखला मोबाइलवरून देता येतो. वादळात वीज जाते, इन्व्हर्टर हवाच.

सामान काय आणावं?

कमीत कमी. मोठा ट्रक अरुंद वळणांवर शेवटपर्यंत येत नाही, मग छोट्या गाडीत आणि शेवटी पाठीवर, प्रत्येक टप्प्याला तोडफोड आणि मजुरी. पलंग, कपाटं इथेच घ्या. प्रेशर कुकर दोन आणा, कारण या उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. गोडा मसाला, चांगल्या तळव्याचे बूट, ऊबदार मोजे, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि सगळ्या जुन्या रिपोर्टांची फाइल आणा. फाइल दाराजवळच्या खुंटीला पिशवीत लटकवून ठेवा, रात्री शोधावी लागू नये.

कुत्रा आणला तर चालेल का?

चालेल, पण सूर्यास्तानंतर तो घराच्या आत हवा. बिबट्या अंगणातून बांधलेला कुत्रा उचलतो. पहाडी कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काटेरी पट्टा दिसेल तो त्यासाठीच. तुमच्या लॅब्रेडॉरला तसा पट्टा घालून बाहेर ठेवू नका, रात्री आपल्या खोलीतच झोपू द्या.